तसबीर कुणाच्या हातात? फार्स पाहताना सापडलेला एक संशोधनप्रश्न

‘मराठी फार्स : एक चिकित्सक अभ्यास’. ‘मराठी विनोदी नाटकांचे स्वरूप व विकास’. ‘निवडक विनोदी नाटकांतील स्त्रीचित्रण’. पेट निघालेली आणि सिनॉप्सिसच्या मागे लागलेली मंडळी अशी शीर्षकं पाठवतात आणि खाली एक ओळ लिहितात, ‘बघून सांगा नं, आरआरसीत चालेल का?’ चालेलही. समितीत काय चालतं आणि काय नाही, यावर लिहायचं तर वेगळी मालिकाच काढावी लागेल. पण या तीनही शीर्षकांत प्रश्न कुठे आहे? ही तर गावांची नावं झाली. त्या गावात तुम्हाला कुणाकडे जायचंय, ते कळत नाही.

संशोधनाचा प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही, जे शोधायला काहीतरी साधन आहे, आणि ज्याचं तुम्हाला वाटतं ते उत्तर चूकही निघू शकतं. तिसरी अट बहुतेक जण विसरतात. ‘विनोदी नाटकांत स्त्रीचं चित्रण आढळतं का?’ याचं उत्तर ‘नाही’ येऊच शकत नाही, मग पाच वर्षं कशाला घालवायची?

आता असा प्रश्न येतो कुठून? पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की पूर्वसंशोधनाचा आढावा घ्या, त्यातली पोकळी शोधा. ते खरं आहे, पण अर्धंच. पुष्कळदा प्रश्न आधी भेटतो आणि पोकळी नंतर कळते. म्हणून या वेळी एका संध्याकाळचं उदाहरण घेऊ या. नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात, हौशी कलावंतांनी केलेला ‘संगीत संशयकल्लोळ’चा प्रयोग. मी वही घेऊन गेलो होतो. त्या वहीत काय लिहिलं, काय मुद्दाम नाही लिहिलं, आणि त्यातून एक प्रश्न कसा वर आला, एवढंच सांगायचंय.

एका तसबिरीचा प्रवास

ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेवती आणि अश्विनशेठ यांचं एकमेकांवर प्रेम आहे. अश्विनशेठने तिला आपली तसबीर दिली आहे. रेवतीला वाटेत भोवळ येते आणि फाल्गुनराव नावाचे संशयी गृहस्थ तिला सावरतात. हे त्यांची बायको कृत्तिका पाहते, आणि संशयाच्या बाबतीत बाई नवऱ्याला तोडीस तोड आहे. गडबडीत तसबीर खाली पडते ती कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव येतात : बायकोच्या हातात परपुरुषाचं चित्र! मग तीच तसबीर फाल्गुनरावांकडे असलेली अश्विनशेठला दिसते : मी रेवतीला दिलेली वस्तू या गृहस्थांकडे कशी? झालं. पुढचे दोन-अडीच तास माणसं धावत राहतात. (पात्रांची नावंसुद्धा पंचांगातून उचललेली आहेत, महिने आणि नक्षत्रं. एक नोकर तर भादव्या आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी हे आधी लक्षात ठेवलं तर गोंधळ कमी होतो.)

नाटक गोविंद बल्लाळ देवलांचं. १८९३ मध्ये ते गद्य रूपात आलं तेव्हा नाव होतं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पुढे त्यात पदं घालून त्याचं संगीत नाटक झालं आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणलं. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल त्याच वर्षी गेले. कथानकाचं मूळ आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या १७६१ च्या ‘ऑल इन द राँग’मध्ये आहे, आणि मर्फीने ते मोलिएरच्या १६६० च्या ‘स्गानारेल’वरून घेतलं होतं. म्हणजे तसबीर पॅरिसहून निघाली, लंडनला थांबली आणि महाराष्ट्रात आली.

इथे मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी एक खड्डा आहे. मूळ सापडलं की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. ‘अमुक नाटक तमुकवर बेतलेलं आहे’ हे वाक्य लिहून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. खरं तर काम तिथे सुरू होतं. उगम कळला, आता बदललं काय ते बघायचं. मर्फीकडे सर जॉन रेस्टलेस आणि त्यांची बायको आहे, तेच आपले फाल्गुनराव-कृत्तिका, जवळजवळ जसेच्या तसे. पण प्रेमिकेकडे बघा. मर्फीची बेलिंडा घरंदाज बापाची मुलगी. मोलिएरची सेलीसुद्धा तशीच. दोन्हीकडे अडचण बापाची आहे, त्याला मुलगी दुसरीकडे द्यायची असते. देवलांची रेवती कोण आहे? नायकिणीच्या घरची मुलगी. तिच्या मागे बाप नाही, मघा नायकीण आहे. हा बदल मी संहिता वाचताना पाहिला होता, वहीत एक ओळ लिहून पुढे गेलो होतो. त्याचं वजन नाट्यगृहात कळलं. त्याकडे येतो.

वहीत काय लिहायचं

प्रयोगाची नोंद घ्यायला जाताना पहिली गोष्ट : मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं नाही. निर्मात्याची परवानगी नसेल तर तो सरळ गैरप्रकार आहे, आणि परवानगी मिळाली तरी शेजारच्या प्रेक्षकाने कुठे परवानगी दिली? वही, पेन्सिल, आणि अंधारात न बघता लिहिता येईल असं मोठं अक्षर. बास.

दुसरी गोष्ट : पानाचे दोन भाग. डावीकडे जे दिसलं आणि ऐकू आलं ते. उजवीकडे मला जे वाटलं ते. डावीकडे ‘फाल्गुनराव दारात यायच्या आधी हशा, डाव्या बाजूने सुरू’, उजवीकडे ‘प्रेक्षकांना पुढचं माहीत आहे?’ हे ऐकायला सोपं आहे. पण तिसरी घंटा होऊन दिवे मंदावले की दोन्ही रकाने हमखास एकमेकांत शिरतात. ‘प्रेक्षकांना मजा आली’ हे निरीक्षण नाही. मजा दिसत नाही, हशा ऐकू येतो.

गंमत अशी की नाटकातली सगळी पात्रं नेमकी इथेच घसरतात. नीट पाहिलं तर ‘संशयकल्लोळ’मध्ये कुणाची नजर चुकत नाही. कृत्तिकेने नवऱ्याला एका तरुणीला सावरताना पाहिलं, हे खरं आहे. फाल्गुनरावांनी बायकोच्या हातात परक्या माणसाची तसबीर पाहिली, हेही खरं. अश्विनशेठने ती फाल्गुनरावांकडे पाहिली, तेही खरंच. डावा रकाना तिघांचाही बिनचूक आहे. उजवा रकाना तिघांनीही डाव्यात लिहून टाकला आहे. शिवाय निष्कर्ष एकदा मनाशी ठरला की येणारा प्रत्येक नवा पुरावा त्यालाच बळ देतो : बायको गप्प बसली तर अपराधी म्हणून, बोलली तर लपवालपवी म्हणून. फाल्गुनरावांना कुठल्याही विद्यापीठाने डेटा गोळा करायला पाठवलं तर ते गठ्ठाभर पुरावे घेऊन येतील आणि सगळे एकाच बाजूचे असतील.

तिसरी गोष्ट जरा वादाची आहे. हशा मोजायचा का? मी खुणा केल्या, पण आकडा इथे देत नाही. एका माणसाने, एका खुर्चीवरून, एका प्रयोगात केलेल्या खुणांची बेरीज म्हणजे संशोधन नव्हे. दोघांनी सभागृहाच्या दोन टोकांना बसून स्वतंत्र नोंदी केल्या, मग त्या ताडून पाहिल्या, आणि असे काही प्रयोग झाले, तर त्या बेरजेला थोडा अर्थ येईल. तोपर्यंत खुणांचा उपयोग एकच : कुठे लक्ष द्यायचं ते कळतं.

हसण्याची नोंद घेणारे जुने लोक

प्रेक्षकांच्या प्रतिसादाची नोंद म्हटलं की आपण लगेच परदेशी पुस्तकांकडे धावतो. आधी घरचं कपाट उघडा. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार दिलेत हे नेटच्या तयारीत तुम्ही पाठ केलंच असेल : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. म्हणजे उत्तम माणूस दात न दाखवता हसतो आणि जो पोट धरून हसतो तो शेवटच्या वर्गात. त्या संध्याकाळी या हिशेबाने सभागृहातले बहुतेक जण, पहिल्या रांगेतल्या मान्यवरांसकट, अधमच निघाले.

पण परीक्षेत न विचारला जाणारा भाग जास्त कामाचा आहे. सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा आहे. प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखायचं? तिथे मानुषी सिद्धीची लक्षणं मोजून दिली आहेत : प्रेक्षकांचं स्मित, अर्धहास्य, मोठं हसणं, ‘साधु’ म्हणणं, ‘अहो’ म्हणणं, ‘कष्टम्’ म्हणणं, अंगावर रोमांच येणं, उठून उभं राहणं, वस्त्रं किंवा अंगठ्या काढून देणं. म्हणजे तोंडातून काय निघालं आणि शरीराने काय केलं, यांची वेगवेगळी यादी. दैवी सिद्धी याहून वेगळी : जिथे आवाज नाही, गडबड नाही, तरी सभागृह भरलेलं आहे. शिवाय प्रयोगात येणारे ‘घात’ म्हणजे अडथळे, त्यांचीही यादी आहे : वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, किडे-मुंग्या, मांडव कोसळणं. नोंद ठेवायला लेखक, मोजायला गणक आणि निर्णय द्यायला प्राश्निक. एवढी तयारी होती त्या लोकांची. (आजच्या यादीत हत्ती नाही, पण चौथ्या रांगेत वाजलेला फोन नक्की घालावा लागेल.)

माझ्या लेखी यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट ही की शांतता हीसुद्धा नोंद करण्याची बाब मानली आहे. हसण्याचा अभ्यास करणारा माणूस हशाच्या खुणा करतो आणि शांततेच्या करत नाही. मग नंतर वहीत पाहिलं तर रिकामी जागा दिसते आणि ती कशामुळे रिकामी आहे ते कळत नाही. इथे लोक ऐकत होते, कंटाळले होते, की मीच लिहायला विसरलो?

आधुनिक काळातलं एक उदाहरण चटकन सांगतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये, विद्यापीठाच्या आवारात माणसांच्या बोलण्यातले हसण्याचे १२०० प्रसंग टिपले. कान आणि वही, यापलीकडे उपकरण नाही. सापडलं काय? ज्याला विनोद म्हणावं असं वाक्य हसण्याआधी आलं असे प्रसंग फार तर २० टक्के. बाकीचं हसणं ‘बरं, येतो मग’ अशा वाक्यांवर होतं. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट जास्त तो चारचौघांत हसतो, असंही त्यांच्या पाहणीत दिसलं. नाट्यगृहाच्या अभ्यासकाला याचा अर्थ स्पष्ट आहे. हशा कुठल्या वाक्यावर आला एवढंच लिहून भागत नाही, शेजारी कोण बसलं होतं तेही मोजावं लागतं. संहितेत विनोद शोधत बसणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवून ठेवावं.

हशा आधी येतो

आता वहीकडे. पहिल्या अंकातच एक गोष्ट दिसली. हशा वाक्यानंतर येतो अशी आपली समजूत असते. इथे बराच हशा वाक्याच्या आधी येत होता. कृत्तिका तसबीर हातात घेते, विंगेतून फाल्गुनरावांचं खोकणं ऐकू येतं, अजून कुणी काही बोललेलं नाही, आणि सभागृह हसायला लागतं. माझ्या मागच्या रांगेत एक जण म्हणाला, ‘आला बे आला!’ म्हणजे प्रेक्षक घडलेल्या घोटाळ्यावर हसत नव्हते, घडू घातलेल्या घोटाळ्यावर हसत होते.

बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचा ‘हास्य’ हा निबंध १९०० चा. त्यात एक कल्पना आहे. घटनांच्या दोन स्वतंत्र साखळ्या एका ठिकाणी एकमेकींत अडकतात, आणि तिथली घटना एकाच वेळी दोन पूर्ण वेगळ्या अर्थांनी वाचता येते, तेव्हा प्रसंग हास्यकारक होतो. तसबीर म्हणजे ती गाठ. रेवतीच्या साखळीत ती प्रेमाची खूण, फाल्गुनरावांच्या साखळीत व्यभिचाराचा पुरावा. पात्राला एकच साखळी दिसते, प्रेक्षकाला दोन्ही दिसतात. म्हणून प्रेक्षक पुढे आणि पात्र मागे, आणि हशा वाक्याच्या आधी. बबन प्रभूंचे ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ किंवा ‘झोपी गेलेला जागा झाला’ पाहा, यंत्र हेच आहे, फक्त दारं जास्त आणि वेग जास्त.

इथवर सगळं छान जुळतंय. सिद्धांत आहे, निरीक्षण आहे, दोन्ही एकमेकांना टाळी देतायत. पुष्कळ प्रबंध इथेच थांबतात : बर्गसाँचं एक प्रकरण, मग नाटकांची उदाहरणं, मग ‘यावरून असे दिसून येते की’. सिद्धांत खरा आहे हे पुन्हा एकदा दिसलं, यात नवं काय कळलं? जुळतंय तिथे प्रश्न नसतो, अडतं तिथे असतो.

अडलं कुठे

अश्विनशेठ रेवतीवर संशय घेऊन बोलतो, ती जागा. यंत्र तेच आहे. प्रेक्षकांना तसबीर कुठून कुठे गेली ते माहीत आहे, अश्विनशेठला माहीत नाही. दोन साखळ्या, एक गाठ, सगळा मालमसाला तयार. थोड्या वेळापूर्वी याच गोष्टीवर सभागृह कोसळत होतं. आणि इथे हशा नाही. डाव्या रकान्यात मी लिहिलं : ‘शांत. खुर्च्यांचा आवाज. कुणी खोकलं.’ मग मागच्या रांगेतल्या एक काकू शेजारणीला हळूच म्हणाल्या, ‘त्या दोघांचं काही नाही होत बाई. हिचं मात्र लग्न मोडून राह्यलं.’

ते वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. बोलणारीचं नाव-गाव नाही, विचारलंही नाही. पण पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने त्या वाक्यात एक गृहीतक पूर्ण तयार आहे.

फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर सारखाच संशय घेतात. कुणाचंच काही जात नाही. १९१६ च्या हिंदू घरात तर घटस्फोटाचीही सोय नाही, हिंदू विवाह कायदा यायला १९५५ उजाडायचंय. भांडतील, रुसतील, पुन्हा त्याच घरात जेवतील. रेवतीचं तसं नाही. तिच्यावरचा संशय एका तसबिरीवर थांबत नाही. तिचं घर कोणतं, आई कोण, याची आठवण त्यामागे उभी असते. बेलिंडावर प्रियकर संशय घेतो तेव्हा तो एका मुलीवर असतो. रेवतीवर घेतो तेव्हा त्याला समाजाने आधीच अर्धी साक्ष देऊन ठेवली आहे. आणि लग्न मोडलं तर ती परत जाणार कुठे? त्याच घरी, त्याच धंद्याच्या दाराशी. संशय एकच, पण गमावण्यासारखं किती आहे ते दोन घरांत वेगळं.

बर्गसाँच म्हणतो की हसताना काळीज थोडा वेळ बधिर असावं लागतं. मग गृहीतक असं मांडता येईल : फार्सचं यंत्र चालतं ते संशयाची किंमत दोन्ही बाजूंना सारखी, किंवा शून्य असेल तोवर. ती एकाच बाजूला भरावी लागणार असं दिसलं की बधिरपणा उतरतो.

देवलांचंच दुसरं नाटक शेजारी ठेवा, म्हणजे हे अजून टोकदार होतं. १८९० चं ‘झुंझारराव’ हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं मराठी रूप. तिथे काय आहे? एक वस्तू, रुमाल, चुकीच्या हातात सापडते आणि नवरा बायकोचा जीव घेतो. तीन वर्षांनी तोच लेखक पुन्हा तीच यंत्रणा हातात घेतो, रुमालाच्या जागी तसबीर, आणि लोक हसतात. तिकडे रुमाल पुरवणारा खलनायक होता, इकडे कुणीच नाही, तसबीर आपोआप पडते, हा मोठा फरक खराच. पण नवऱ्याने बायकोच्या हातातल्या वस्तूवरून तिची झडती घेणं हा प्रसंग नाट्यगृहाबाहेर आजही विनोदी नसतो. हातात आता तसबीर नसते, फोन असतो. फाल्गुनरावांना हसणाऱ्या त्याच रांगांत असा जाच सोसलेलं कुणी बसलेलं असू शकतं. ते हसत होते का, कशावर हसत होते, हे माझ्या पेन्सिलच्या खुणांतून कळणार नाही. म्हणूनच ‘समाज हसला’ असं वाक्य प्रबंधात दिसलं की मला धडकी भरते.

काकूंचं वाक्य चूक असेल तर?

आता सगळ्यात महत्त्वाचं काम : स्वतःच्या लाडक्या गृहीतकाला मारायला निघायचं. फाल्गुनरावांनी जे कधीच केलं नाही ते. शांततेची दुसरी कारणं काय असू शकतात?

एक तर संगीत. हे संगीत नाटक आहे. रेवती-अश्विनशेठच्या जागांवर पदं येतात, आणि नागपूरचा प्रेक्षक पद ऐकताना कानांनी बसतो. ऑर्गनचा सूर लागला की माझ्या शेजारचे आजोबा मांडीवर ताल धरायचे आणि डोळे मिटायचे. त्यात हे सभागृह ज्यांच्या नावाचं, त्या वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी अलीकडे हाच अश्विनशेठ गाऊन गाजवलेला, म्हणजे तुलना करायलाच आलेले लोकही असणार. मग ती शांतता रेवतीच्या नशिबासाठी होती की येणाऱ्या पदासाठी? हे वेगळं करता येतं. ज्या जागी रेवतीवर संशय आहे पण पद नाही, तिथे काय झालं ते पाहायचं. आणि जिथे पद आहे पण संशय नाही, तिथेही.

दुसरं कारण नटांचं. फाल्गुनराव करणाऱ्याचं टायमिंग पक्कं होतं, अश्विनशेठ गायला चांगला पण गद्यात जरा ताठ. हशा न येण्याचं कारण एवढं साधं असू शकतं. इलाज एकच, दुसऱ्या संचाचा प्रयोग पाहणे.

तिसरं कारण संहितेतलं. आपण जी पाहतो ती छापील संहिता नसतेच. जुनी संगीत नाटकं आज पदं कमी करून, प्रवेश काटून करतात. त्या कापलेल्या प्रतीला रंगावृत्ती म्हणतात. समजा फाल्गुनरावांची सगळी गमतीची वाक्यं ठेवली आणि अश्विनशेठची कापली, तर शांतता देवलांनी लिहिलेली नाही, दिग्दर्शकाच्या कात्रीने आणलेली आहे. १८९३ चं गद्य नाटक, १९१६ चं संगीत नाटक आणि आजची रंगावृत्ती, तीनही शेजारी ठेवून ती एकच जागा वाचायला हवी. जुन्या छापील प्रतींसाठी सीताबर्डीत विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयापासून सुरुवात करता येईल, संस्था १९२३ ची आहे.

आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त छळतं : १९१६ मध्ये रेवती एक पुरुष करत होता, आणि तोही बालगंधर्व. नायकिणीच्या मुलीचं दुःख रंगमंचावर होतं, पण नायकिणीच्या मुलीला त्या रंगमंचावर जागा नव्हती. लोक तेव्हा त्या जागी गप्प होत असतील तर ते रेवतीसाठी की बालगंधर्वांच्या सुरासाठी? आज ती भूमिका बाई करते म्हणून काकूंना ते लग्न खरं वाटलं, असं तर नाही? १९१६ च्या प्रेक्षकांत जाऊन वही उघडता येत नाही. तेव्हाच्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं आणि नटांच्या आठवणी हाच रस्ता, आणि त्या लिहिणारे जवळजवळ सगळे पुरुष, हे वाचताना विसरायचं नाही.

या टप्प्यावर कुणीतरी नक्की सुचवतं, ‘मग झाडीपट्टीही घे नं, विदर्भाचा विषय आहे, वजन येईल.’ भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात, वडसा त्या धंद्याचं केंद्र आहे, आणि तिथला प्रेक्षक सभागृहातल्या प्रेक्षकापेक्षा पूर्ण वेगळ्या पद्धतीने हसतो. विषय मोठा आहे, आणि म्हणूनच तो स्वतंत्र आहे. वजनासाठी दुसरी रंगभूमी आपल्या सिनॉप्सिसमध्ये कोंबली की दोन्हींवर अन्याय होतो.

तर, ‘मराठी विनोदी नाटक : एक अभ्यास’पासून निघून आपण कुठे आलो? साधारण इथे : ‘संशयकल्लोळ’मध्ये संशयाची एकच यंत्रणा दोन जोड्यांसाठी वापरली आहे. त्यातल्या रेवतीच्या जोडीचा सामाजिक दर्जा देवलांनी मूळ इंग्रजी नाटकापेक्षा बदलला. हा बदल १८९३ आणि १९१६ च्या संहितांत संवादांची रचना कशी बदलतो, आणि आजच्या रंगावृत्त्यांत त्यातलं काय उरतं? शीर्षक म्हणून हे लांबलचक आहे, गाईड कापतील. पण यात प्रत येते, जागा येते, तुलना येते, आणि उत्तर ‘काहीच बदलत नाही’ असंही येऊ शकतं.

प्रेक्षकांच्या हशाचा भाग यातून मी मुद्दाम बाहेर ठेवला आहे. त्याला दोन निरीक्षक, अनेक प्रयोग, निर्मात्यांची परवानगी आणि मुलाखती देणाऱ्या प्रेक्षकांची लेखी संमती लागेल, आणि ते एकट्याच्या पीएचडीत बसेल असं मला वाटत नाही. ज्यांना बसवायचं असेल त्यांनी पहिला प्रयोग पाहून झाल्यावर घाईने पार्किंगकडे पळू नये. पडदा पडला की विंगेत प्रॉम्प्टर आपली प्रत आवरत असतो. त्याला नम्रपणे दोन प्रश्न विचारा : आज कुठली वाक्यं गाळली, आणि कुठल्या वाक्याला तुम्ही दर वेळी हशासाठी थांबता?